शिकवायच्या पेटीतला तुकडा

इस्माईलभाईंनी काचपट्टी खिडकीच्या उजेडात धरली, एक डोळा बारीक केला आणि म्हणाले, "म्हमाणे, तुमचा पीस लई झकास रंगलाय बघा. मॅडमनी सोता शिकवायच्या पेटीत ठिवायला सांगितलाय."

मी ब्रश पाण्यात खळबळत होतो. "माझा?"

"तुमचाच की. मागल्या आठवड्यात पोटात दुर्बीण घातली नव्हती का? त्यातला. मॅडम म्हणल्या, इस्माईल, असा पीस नशिबानं मिळतो, जपून ठेव."

एवढं बोलून त्यांनी पट्टी माझ्या टेबलावर ठेवली आणि ते चहाला निघून गेले. आपण काय बोलून चाललो आहोत याची त्यांना बिचाऱ्यांना काही कल्पना नव्हती.

सोलापुरात मी पॅथॉलॉजी विभागाचा चित्रकार होतो. आता ती जागाच राहिली नाही, पण चौऱ्याऐंशी साली होती. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं ते मोठ्या कागदावर जलरंगात उतरवायचं आणि त्याचे तक्ते वर्गात टांगायचे, हे माझं काम. इस्माईलभाई आमचे तंत्रज्ञ. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवून, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करून ते रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि बोडस मॅडम विभागप्रमुख. शेवटचा शब्द त्यांचा.

शिकवायची पेटी म्हणजे मॅडमच्या कपाटातली सागवानी पेटी. निवडक पट्ट्या तिच्यात जायच्या. मी त्यातल्या कित्येकांची चित्रं काढली होती, आणि त्या पेटीत जागा मिळालेला एकही माणूस नंतर व्हरांड्यात हिंडताना पाहिला नव्हता. साध्या, बऱ्या होणाऱ्या दुखण्याची पट्टी तिथं कोण ठेवतंय?

मला जठरात अल्सर होता. चार आण्याच्या नाण्याएवढी जखम. सहा महिने पोटात निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. मग नव्यानंच बाजारात आलेल्या गोळ्या सुरू झाल्या आणि आग पंधरा दिवसांत गेलीच. त्यानंतर माझा दुर्बिणीचा नंबर लागला. "पोटातला अल्सर म्हटला की काठाचे तुकडे तपासून घेतलेले बरे," असं म्हणून डॉक्टरांनी चिमट्यानं चार कण काढले. मी ते विसरूनही गेलो होतो. दुखत नव्हतं, म्हणजे बरा झालो, हा माझा हिशेब.

पट्टी मी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि थेट मोठं भिंग लावलं.

पेशी चांगल्याच मोठ्या होत्या. एकेकीचं केंद्रक फुगलेलं, गडद जांभळं. एकमेकींना रेटत, अंगावर अंग टाकून उभ्या. मधूनच एखादी दुभंगत असलेली, म्हणजे एकीच्या दोन होत असलेली. मी मान वर केली. समोरच्या भिंतीवर मीच रंगवलेला जठराच्या कॅन्सरचा तक्ता होता. मोठी केंद्रकं, गडद जांभळा रंग, रेटारेटी, दुभंगणाऱ्या पेशी. ते चित्र मला आवडायचं. त्या दिवशी पहिल्यांदा नावडलं.

तो बुधवार होता. बोडस मॅडम परीक्षक म्हणून नागपूरला गेल्या होत्या, शनिवारी यायच्या होत्या. दुसऱ्या डॉक्टरला विचारावं हे सुचलं नाही असं नाही. धीर झाला नाही. शिवाय इतकी वर्षं पेशी काढल्यावर माणूस अर्ध्या हळकुंडानं पिवळा होतोच. मला वाटलं, विचारायचं काय राहिलंय?

खरा घोर वेगळाच होता. रविवारी माझा साखरपुडा होता.

मुलगी महानंदा हत्तुरे. नगरपालिकेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. आमच्या मामांनी स्थळ आणलं तेव्हाच सांगितलं होतं, "एकदा ठरून मोडलंय बघ तिचं. साखरपुड्याच्या दोन दिवस आधी. पोरीत काही खोट नाही, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?" मी बघायला गेलो तेव्हा पुढं आलेल्या पोह्यांत मिरच्याच जास्त होत्या. मी अल्सरचं सांगून टाकलं. तिच्या आईचा चेहरा पडला. महानंदा उठून आत गेली आणि पेलाभर दूध घेऊन आली. म्हणाली, "चहा पिणारे पुष्कळ येऊन गेले. दूध पिणारा पहिलाच." त्याच घटकेला मला ती आवडली. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तिचं चित्र दोनदा काढलं होतं.

आता तिचं दुसऱ्यांदा मोडायचं होतं, आणि तेही माझ्या हातून. पण लग्न करून वर्षभरात तिच्या कपाळी वैधव्य आणण्यापेक्षा लोकांचं चार दिवसांचं बोलणं परवडलं, असं मी ठरवलं. मोठ्या मनानं ठरवलं. स्वतःच्या मोठेपणानं माझे डोळेसुद्धा भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिच्या शाळेत गेलो. पोरी चिंचेखाली दोऱ्यांवरून उड्या मारत होत्या. एकीनं मला पाहिलं आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, "बाई, तुमचं पाव्हणं आलंय!"

महानंदा वर्गात फळा पुसत होती. तिनं एक चिमुकला बाक माझ्यापुढं सरकवला. मी गुडघे हनुवटीला लावून बसलो. त्या अवस्थेत माणसानं त्यागाचं भाषण करू नये.

"मला रविवारी येता यायचं नाही," मी म्हणालो.

"रविवारी, की कधीच?"

"कधीच."

तिनं फळापुसणी खाली ठेवली. हात झटकले. "बरं. कारण?"

मी तीन कारणं तयार ठेवली होती. "पगार कमी आहे माझा."

"तो मामांनी पहिल्याच दिवशी सांगितला. माझ्यापेक्षा कमी आहे हेही सांगितलं."

"थोरल्या बहिणीला पसंत नाही."

"त्या परवाच मापाचा ब्लाउज घेऊन गेल्यात. साडी निवडायला मीच येणार म्हणून माझ्या आईला सांगत होत्या."

"पत्रिका..."

"कुणी बघितलीच नाही." ती माझ्यासमोरच्या बाकावर बसली. तिचा चेहरा शांत होता, पण खडूनं पांढरे झालेले हात तिनं पदरात घट्ट गुंडाळून घेतले होते. "आणखी काही आहे का, की एवढंच पाठ करून आलात?"

मला खोटं बोलता येत नाही. त्यासाठी लागणारी तयारी मी नेहमी कमीच करतो. "कॅन्सर आहे मला," मी म्हणालो. "पोटात."

बाहेर पोरींचा दंगा चालू होता.

"कोण म्हणालं?"

"मी पाहिलं."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग डॉक्टर काय म्हणाले?"

"मॅडम नागपूरला आहेत. शनिवारी येतील."

"म्हणजे डॉक्टरनं अजून काहीच सांगितलेलं नाही." तिनं सुस्कारा सोडला. तो दुःखाचा होता की वैतागाचा, मला कळलं नाही. "शाळा सुटल्यावर मी येते. मला दाखवा."

"तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

"तुम्हाला कळलं तेवढं कळेल," ती म्हणाली.

संध्याकाळी ती खरोखरच आली. सोबत म्हणून वर्गातल्या एका मुलीच्या आईला घेऊन आली होती. ती बाई दारातच बसली आणि बाटल्यांतली आतडी बघून पदर नाकाला लावून राहिली. इस्माईलभाईंनी महानंदाला स्टूल पुसून दिलं आणि सूक्ष्मदर्शकात कसं बघायचं ते समजावलं.

"मला माझ्याच पापण्या दिसतायत," ती म्हणाली.

"डोळा थोडा मागं घ्या, बाई. दुसरा मिटू नका."

ती बघत राहिली. मी शेजारी उभा होतो. आपलं मरण कुणी इतकं न्याहाळून बघत असेल तर माणसाला अवघडल्यासारखं होतं.

"कित्ती घाईत आहेत ह्या," ती शेवटी म्हणाली. "मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर आमच्या पोरी दाराशी करतात तसं."

"कॅन्सरच्या पेशी अशाच घाईत असतात," मी म्हणालो.

इस्माईलभाईंच्या हातातली बरणी पडता पडता राहिली. "कुणाचा कॅन्सर? कोण म्हणलं? या अल्ला, म्हमाणे, मॅडम तर खुशीत होत्या ओ!"

"मॅडम चांगला पीस मिळाला की नेहमीच खुशीत असतात," मी म्हणालो.

महानंदा उठली. "घरी कुणाला काही बोलू नका," तिनं मला सांगितलं. "मीही नाही बोलत. शनिवारी दहाला येते."

मधला शुक्रवार कसा गेला ते मी सांगणार नाही. आई रविवारसाठी हुग्गीच्या खिरीचे गहू निवडत होती आणि मध्येच थांबून म्हणत होती, "सिद्राम, पोटात दुखत नाही ना रे आता?" मी नाही म्हणत होतो. खरंच दुखत नव्हतं.

शनिवारी मॅडम आल्या तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या टेबलापुढं उभे होतो. इस्माईलभाई दाराआड होते, पण त्यांची चप्पल दिसत होती.

"मॅडम, माझ्या पट्टीत कॅन्सर आहे का?"

बोडस मॅडमनी चष्मा काढला. "कोण म्हणालं?"

"मीच."

"आणि या कोण?"

"महानंदा हत्तुरे," तिनंच सांगितलं. "उद्या आमचा साखरपुडा आहे. म्हणजे, बुधवारपर्यंत होता."

मॅडम एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात सगळं आलं असावं, कारण त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि त्या हसू दाबत असल्याचं मला स्पष्ट दिसलं. मला राग आला. माणूस मरतोय आणि यांना हसू येतंय.

"बसा. पट्टी आणा. म्हमाणे, कोणतं भिंग लावलं होतंत?"

"मोठं."

"छोटं लावून पाहिलंत?"

"नाही."

"म्हणजे चार चेहरे पाहिलेत आणि गाव कसं आहे ते ठरवलंत." त्यांनी छोटं भिंग फिरवलं आणि पट्टी नीट बसवली. "बघा. आधी तळ. तुमची जखम म्हणजे एक खड्डा. सुरुवातीला त्याच्या तळाशी मेलेल्या पेशींचा पिवळट गाळ असतो. गोळ्यांनी ॲसिड थोपवलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन तो गाळ उपसतात. मग खालून लाल मांस वर येतं. गुडघा फुटल्यावर खपलीखाली दिसतं ना, तेच. नुसत्या बारीक बारीक नव्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्या मधे धागे तयार करणाऱ्या पेशी. दिसलं?"

दिसलं. खाली लालसर जाळं होतं. मी ते बुधवारी बघितलंच नव्हतं.

"आता काठ. उघड्या मांसावर ॲसिड पडत असतं, त्यामुळे काठावरच्या पेशींना दम धरायला वेळ नसतो. त्या चपट्या होतात, अंग पसरतात आणि त्या लाल मांसावरून सरकत पुढं निघतात. त्यांच्या मागच्या भराभर एकीच्या दोन होतात. म्हणून केंद्रक मोठं, म्हणून रंग गडद, म्हणून दाटी."

"घाईत वाटल्या मला," महानंदा म्हणाली.

"अगदी बरोबर. घाईत कॅन्सरही असतो आणि बरं होणारं पोटही असतं. नुसत्या घाईवरून ओळखायला जाल तर फसाल. यांना समोरच्या काठाची पेशी भेटली की या थांबतात. कॅन्सर थांबत नाही, भिंत फोडून खाली उतरतो. आणि हे बघा, आता मी पट्टी काठापासून मागं सरकवते. इथं सगळ्यात गडद. जरा मागं, थोड्या निवळल्या. आणखी मागं, पार ओळीत उभ्या. मधे कुठं एकदम बदलाची रेघ नाही, कॅन्सरमध्ये ती असते. आज पुढं धावतायत त्याच उद्या मागं राहून शहाण्या होणार. म्हमाणे, तुमचं पोट बरं होतंय. फार सुंदर बरं होतंय."

मला काय वाटलं ते सांगायला हवं. आनंद नंतर झाला. आधी मला लाज वाटली, आणि त्याहून आधी भूक लागली. दोन दिवस मी धड जेवलो नव्हतो.

"मग शिकवायच्या पेटीत कशाला ठेवलीत?" मी विचारलं. आवाज माझा मलाच रडका वाटला.

"कारण दर वर्षी परीक्षेत निम्मी मुलं अशा पट्टीवर कॅन्सर लिहून येतात! इतका स्वच्छ नमुना मला कधीचा हवा होता. आता विभागाचा चित्रकारच फसला म्हटल्यावर माझी निवड किती योग्य आहे ते सिद्धच झालं."

दाराआडची चप्पल हलली आणि इस्माईलभाईंच्या हसण्याचा आवाज आला.

महानंदा हसली नाही. "पूर्ण भरायला किती दिवस लागतील?"

"आणखी सहा-आठ आठवडे. दुखणं थांबलंय ना? लोक नेमके तिथंच गोळ्या सोडतात. दुखणं आधी जातं, जखम मागून भरते. वरचा पापुद्रा जुळला तरी त्याखाली ग्रंथी नव्यानं यायच्या असतात. आणि अगदी तळाशी जो स्नायू तुटलाय, तो पुन्हा येत नाही. तिथं व्रण राहतो, आयुष्यभर. त्याचं काही बिघडत नाही, तो चांगला घट्ट धरून ठेवतो. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून खात्री करायचीच. तोवर गोळ्या, वेळेवर जेवण, आणि म्हमाणे, मोठ्या भिंगाला हात लावायचा नाही."

दोन महिन्यांनी दुर्बिणीत पांढरट, जराशी चुण्या पडलेली खूण तेवढी दिसली. पण ते पुढचं.

आम्ही बाहेर आलो. सायकली लावल्या होत्या तिथं सावली होती. माझ्या अंगात एकदम उत्साह संचारला. "तर मग उद्या..." मी सुरुवात केली.

"उद्याचं थांबा जरा," महानंदा म्हणाली. "माझं आधी एकदा मोडलंय, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"मामांनी सांगितलं होतं."

"त्यांनी कारण दिलंच नाही. जमत नाही, एवढा निरोप आला. मग मीच शोधत बसले. रंग म्हणावा, तर तो त्यांनी बघितलाच होता. नोकरी म्हणावी, तर त्यांनाच नोकरीवाली हवी होती. माझं बोलणं, हसणं, चालणं, सगळं तपासून झालं. चार वर्षं तेच केलं मी." ती हे सरळ आवाजात सांगत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. "परवा तुम्ही पगार म्हणालात, बहीण म्हणालात, तेव्हा वाटलं, झालं, पुन्हा तेच सुरू. मग तुम्ही कारण सांगितलंत."

"साफ चुकीचं सांगितलं."

"चुकीचं होतं. पण मनातलं होतं. म्हणून आले मी बघायला."

मला तिचं फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी ती समोर उभी आहे याचा आनंदही वाटत होता. हे दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. धीर करून मी विचारलं, "आणि खरंच कॅन्सर निघाला असता तर?"

खोटं खोटं गोड बोलणारी ती नव्हतीच.

"माहीत नाही," ती म्हणाली. "रडले असते. घरी भांडण झालं असतं. हो म्हटलं असतं की नाही, ते आत्ता नाही सांगता यायचं. पण ते मी ठरवलं असतं. तुम्ही नाही."

माझा तो सगळा त्याग, भरून आलेले डोळे, मोठं मन, सगळं तिनं एवढ्याशा वाक्यात जागच्या जागी बसवलं होतं.

"उद्या या," ती म्हणाली. "आणि पुन्हा कधी माझ्या भल्याचं काही मनात आलं, तर आधी मला विचारायचं."

मी कबूल केलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, अजून विचारतो. बहुतेक वेळा ती नको म्हणते.